जुन्या एसयूव्हीत टायरचा पिवळा दिवा लागतोय? आधी टायर बघा, मग सेन्सरला नावं ठेवा

लग्नसराई सुरू झाली की गावातल्या जुन्या स्कॉर्पिओ, बोलेरो, एक्सयूव्हीला आराम नसतो. आठवडाभर खताच्या गोण्या वाहिलेली गाडी रविवारी धुऊन-पुसून वऱ्हाडाला निघते. आत आठ-नऊ माणसं, मागे आहेराच्या पिशव्या. स्टिअरिंगसमोर मात्र एक पिवळा दिवा पेटलेला असतो. शेजारी बसलेल्या कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "तो कायमच लागून असतो. सेन्सर गेलाय त्याचा."

कधी ते खरं असतं. पण कधी सेन्सर एकदम ठीक असतो आणि मागच्या चाकात हवाच नसते. गाडी जुनी झाली की सेन्सरही जुना होतो आणि टायरही. म्हणून जुन्या गाडीत या दिव्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि खरा धोकाही तिथेच असतो. दिवा नेमकं काय सांगतोय, बिघाड टायरचा की सेन्सरचा हे कसं ओळखायचं आणि पंक्चरच्या दुकानात काय सांगायचं, ते एकेक करून बघू.

हा दिवा कसला आणि कोणत्या गाडीत असतो?

घोड्याच्या नालेसारखा आकार आणि मधोमध उद्गारचिन्ह, असा हा पिवळा दिवा असतो. टायरमधली हवा कमी झाली की तो लागतो. या यंत्रणेला टीपीएमएस म्हणतात.

आपल्याकडे महिंद्राची एक्सयूव्ही५०० ही गाडी २०११ मध्ये आली. तिच्या वरच्या डब्ल्यू८ मॉडेलमध्ये ही यंत्रणा होती. पुढे २०१४ च्या स्कॉर्पिओच्या एस१० मॉडेलमध्येही ती मिळाली. शहरात वापरून झालेल्या अशा बऱ्याच गाड्या आता सेकंडहँड बाजारातून तालुक्याच्या गावांत आल्या आहेत. जुन्या बोलेरो, सुमोत ही सोय नाही. त्या गाडीवाल्यांनी सेन्सरचा भाग सोडून द्यावा, टायरचा भाग मात्र नक्की वाचावा.

यंत्रणा दोन प्रकारची असते:

- चाकाच्या आत सेन्सर: हवा भरायच्या व्हॉल्व्हलाच आतून एक छोटी डबी जोडलेली असते. ती हवेचा दाब मोजते आणि रेडिओ लहरींनी गाडीला कळवते. पडद्यावर प्रत्येक चाकाची हवा आकड्यात दिसत असेल तर तुमची गाडी याच प्रकारची.
- आत सेन्सर नाही: हवा कमी झालेलं चाक थोडं बारीक होतं आणि इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरतं. एबीएस ब्रेकची यंत्रणा हा फरक पकडते. यात आकडे दिसत नाहीत, फक्त दिवा लागतो. हवा भरल्यावर बटण दाबून किंवा मेनूमधून रीसेट करावं लागतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा दिवा उशिरा लागतो. अमेरिकेत २००० च्या सुमारास एसयूव्हीचे टायर निकामी होऊन गाड्या उलटण्याचे प्रकार गाजले. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि २००७ पर्यंत सगळ्या नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. तिथल्या नियमात हवा २५ टक्के कमी झाली की इशारा मिळायला हवा, असं आहे. म्हणजे ३२ पीएसआय हवा लागणाऱ्या टायरचा दिवा २४ ला लागला तरी नियमात बसतं. तोवर टायर बराच बसलेला असतो. त्यामुळे दिवा लागला नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असं समजू नका.

दिवा कसा लागतो त्यावरून ओळखा

बऱ्याच गाड्यांत ही खूण चालते:

- चावी फिरवली की लागतो आणि काही सेकंदांत विझतो: सगळं ठीक.
- लागला आणि तसाच राहिला: एखाद्या किंवा जास्त चाकांत हवा कमी आहे. आधी हवा मोजा.
- मिनिटभर लुकलुकतो आणि मग लागून राहतो: यंत्रणेतच बिघाड आहे. बहुतेक वेळा सेन्सरची बॅटरी संपलेली असते.
- पडद्यावर एका चाकासमोर आकड्याऐवजी रेघा येतात: त्या चाकाचा सेन्सर बोलत नाही.
- चावी फिरवली तरी एकदाही लागत नाही: कुणीतरी दिवा काढला किंवा बंद केला असावा. सेकंडहँड गाडी घेताना हे नक्की तपासा. काही ठिकाणी दिव्यावर काळी पट्टी चिकटवूनही गाडी विकतात.

दिवा कसाही लागो, पहिलं काम एकच. गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि चारही चाकांची हवा गेजने मोजा. पायाने लाथ मारून टायरची हवा कळत नाही. आजकालच्या रेडियल टायरची बाजू थोडी फुगलेलीच दिसते, त्यामुळे २४ पीएसआय आणि ३२ पीएसआय हा फरक डोळ्यालाही दिसत नाही.

पहाटे लागतो, दुपारी विझतो

हिवाळ्यात ही तक्रार फार येते. पहाटे दूध घालायला निघाले की दिवा, दहा वाजले की गायब. मग "सेन्सर येडा झालाय" असा निकाल लागतो.

कारण साधं आहे. थंडीत हवा आकसते. तापमान ५ ते ६ अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो. दुपारी ३० अंश आणि पहाटे १० अंश असेल तर फरक ३ पीएसआयच्या पुढे जातो. हवा आधीच काठावर असेल तर पहाटे दिवा लागणारच. सेन्सर बरोबरच सांगत असतो. सकाळी गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना, हवा पुरी करा. दिवा परत लागणार नाही.

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची" हा सल्ला धोक्याचा

गावोगावी हा सल्ला ऐकायला मिळतो. "ऊन लय आहे, हवा वाढून टायर फुटेल, दोन-चार पॉइंट कमीच ठेव." होतं मात्र याच्या उलट.

हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि परत सरळ होते. तार हाताने पुढे-मागे वाकवत राहिलं की ती गरम होऊन तुटते, तसंच हे. टायरच्या आतले धागे तापतात, रबरापासून सुटतात आणि टायर फाटतो. त्यात नऊ माणसांचं वजन, १०० चा वेग आणि तापलेला सिमेंट रस्ता असेल तर हे फार लवकर होतं.

गाडी चालल्यावर हवा ४-५ पीएसआयने वाढते. टायर बनवताना ही वाढ धरलेली असते. म्हणून दोन नियम पाळा:

- हवा टायर थंड असताना मोजा. गाडी निदान तीन तास उभी असावी.
- गरम टायरमधली वाढलेली हवा सोडू नका. टायर थंड झाल्यावर ती आणखी कमी भरेल.

किती हवा भरायची, ते ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. काही गाड्यांत ते डिझेल टाकीच्या झाकणाच्या आत असतं. पुढच्या-मागच्या चाकांचा आकडा वेगळा असू शकतो आणि पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा जास्त असतो. वऱ्हाड किंवा माल घेऊन जाताना तो जास्तीचा आकडा पाळा. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही जास्तीत जास्त मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

टायरचे नेहमीचे बिघाड

हळूहळू उतरणारी हवा. आठवड्याला ४-५ पीएसआय कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. आपल्याकडे पहिला संशय बाभळीच्या काट्यावर आणि खिळ्यावर. ते सापडलं नाही तर व्हॉल्व्ह बघा. व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर आतली पिन बदलायची, खर्च किरकोळ. तिसरं ठिकाण म्हणजे रिमची कड. जुन्या अलॉय रिमला टायर बसतो तिथे पांढरट बुरशीसारखा थर चढतो किंवा खड्ड्यात आपटून कड वाकते. मग टायर चांगला असूनही हवा टिकत नाही. टायर काढून कड घासून साफ करावी लागते.

एकाच ठिकाणी घासलेला टायर. टायर कसा घासलाय त्यावरून दुखणं कळतं:

- दोन्ही कडा घासल्या, मधला भाग चांगला: हवा कायम कमी ठेवली.
- मधला भाग घासला: हवा जास्त ठेवली.
- एकच कड घासली: अलाइनमेंट बिघडली किंवा बॉल जॉइंट, बुश ढिले झाले.
- जागोजागी खळगे पडले, हात फिरवला की वर-खाली लागतं: शॉक अ‍ॅब्झॉर्बर गेले किंवा बॅलन्सिंग नाही.

जुन्या एसयूव्हीत बुश आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर आधीच थकलेले असतात. ते न बघता नवे टायर टाकले तर तेही तसेच घासून जातात आणि पैसे वाया जातात.

बाजूला आलेला फुगा. खड्ड्यात किंवा दगडावर आपटल्यावर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा येतो. आतले धागे तुटल्याची ती खूण. याला दुरुस्ती नाही. असा टायर स्टेपनीला ठेवण्याच्याही लायकीचा नसतो.

भेगा. नक्षी खोल आहे पण बाजूला बारीक भेगांचं जाळं दिसतंय, अशी अवस्था कमी चालणाऱ्या, उन्हात उभ्या असणाऱ्या गाड्यांची होते. टायर कधीचा आहे ते त्याच्या बाजूवरच लिहिलेलं असतं. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. तिथे २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा. दहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली असो, टायर बदला. स्टेपनीलाही हाच नियम.

गोटा झालेला टायर. नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर घासून त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे नक्षी १.६ मिमी उरली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत चारचाकीसाठी हीच किमान मर्यादा आहे. पावसाळ्यात त्या आधीच, ३ मिमीच्या आसपास असताना, टायर बदललेला बरा.

सेन्सरचे नेहमीचे बिघाड

बॅटरी संपणं. चाकातल्या सेन्सरची बॅटरी साधारण ७ ते १० वर्षं चालते. २०११ ते २०१४ च्या गाड्यांत मूळचे सेन्सर असतील तर त्यांचं आयुष्य संपत आलंय किंवा संपलंय. बॅटरी डबीत पक्की बंद केलेली असते, म्हणून सहसा पूर्ण सेन्सरच बदलतात. एक गेला की बाकीचेही वर्ष-दोन वर्षांत जातात, कारण चौघांचं वय एकच असतं. नवे टायर टाकणारच असाल तर सेन्सर त्याच वेळी बदला, टायर काढण्या-बसवण्याची मजुरी वाचते.

टायर काढताना सेन्सर तुटणं. टायर सोडवायच्या मशीनचा दाब किंवा लोखंडी पट्टी नेमकी व्हॉल्व्हजवळ आली की डबी फुटते.

ट्यूब टाकणं. ट्यूबलेस टायर वारंवार पंक्चर होतोय म्हणून आत ट्यूब टाकून देतात. ट्यूबला स्वतःचा व्हॉल्व्ह असतो आणि तो त्याच भोकातून बाहेर येतो, म्हणजे सेन्सर काढावाच लागतो. अनेक गाड्यांत "सेन्सर गेला" याचं खरं कारण हेच निघतं. शिवाय ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते, ट्यूब फाटली तर एकदम जाते. हायवेवर हा फरक जिवाचा आहे.

पंक्चर रोखणारं जेल. काट्याकुट्यांच्या रस्त्यासाठी लोक टायरमध्ये जेल भरतात. ते सेन्सरच्या बारीक छिद्रात गेलं की तो चुकीचा आकडा दाखवतो किंवा बंद पडतो. टाकायचंच असेल तर सेन्सरला चालणारं आहे का, हे डब्यावर वाचून घ्या.

व्हॉल्व्ह गंजणं. धातूच्या व्हॉल्व्हवर धातूचं टोपण लावलं की दोन्ही गंजून एकमेकांत अडकतात. जोर लावला की व्हॉल्व्हच तुटतो. प्लास्टिकचं साधं टोपण सगळ्यात चांगलं.

चाकं अदलाबदल केल्यावर गोंधळ. पुढची चाकं मागे टाकली, पण गाडीला कळवलं नाही, तर हवा उजव्या मागच्या चाकात कमी असते आणि पडदा उजवं पुढचं दाखवतो. सेन्सरची जागा नव्याने नोंदवून घ्यावी लागते. स्टेपनीत बहुधा सेन्सर नसतो, त्यामुळे ती लावल्यावर दिवा लागला तर तो बिघाड नाही.

पंक्चरच्या दुकानात हे सांगा

- "दादा, आत सेन्सर आहे. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने टायर सोडवायला घ्या." हे वाक्य टायर काढायच्या आधीच बोला.
- टायर काढला की व्हॉल्व्हचं रबर, वॉशर आणि पिन नवी टाकायला सांगा.
- पंक्चर फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागाचंच काढा. बाजूला भोक असेल तर तिथे पट्टी मारून हायवेला जाऊ नका.
- दोनच नवे टायर घेतले असतील तर ते मागे टाका. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी फिरते आणि सावरणं अवघड जातं.
- साईज आणि वजनाचा आकडा बदलू नका. उदाहरणार्थ २३५/६५ आर१७ १०४ यातला १०४ म्हणजे एक टायर ९०० किलो पेलतो. स्वस्त मिळाला म्हणून यापेक्षा कमी आकड्याचा टायर घेऊ नका.

नवा सेन्सर, टोपणाचा सेन्सर की साधा गेज?

कंपनीचा सेन्सर घ्यायचा तर पार्ट नंबर जुळायला हवा आणि बसवल्यावर तो गाडीत नोंदवावा लागतो. ते होणार का, हे आधी विचारा.

बाजारात व्हॉल्व्हवर टोपणासारखे बसणारे सेन्सर आणि छोटा डिस्प्ले मिळतो. बोलेरोसारख्या गाडीलाही तो बसतो. पण तो व्हॉल्व्हची पिन आत दाबून ठेवतो, म्हणून नीट आवळला नाही तर त्यातूनच हवा जाते. गाडी बाहेर उभी राहिली तर चोरीचीही भीती. बसवल्यावर साबणाच्या पाण्याने एकदा तपासून घ्या.

हे दोन्ही जमत नसेल तर काही शे रुपयांचा हवा मोजायचा गेज डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. दर पंधरा दिवसांनी आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी पाचही टायर मोजा. चालू सेन्सर असणाऱ्यांनीही हे करावं. दुकानातले काट्याचे जुने गेज दोन-चार पीएसआयने चुकू शकतात, म्हणून स्वतःचा एकच गेज नेहमी वापरा.

समृद्धीवर जाताना

नागपूर ते मुंबई हा समृद्धी महामार्ग ७०१ किमीचा. त्यावर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे. गावच्या रस्त्यावर ४०-५० ने चालणारी गाडी इथे तासन्तास एकाच वेगाने, सिमेंटवर पळते. गावात वर्षभर निभावलेला टायर इथे तासाभरात दगा देऊ शकतो. निघण्याआधी हवा, फुगे, भेगा, नक्षी आणि स्टेपनी बघा. दर दोन तासांनी थांबून प्रत्येक टायरजवळ हात न्या. एकच टायर इतरांपेक्षा जास्त तापलेला असेल तर त्यात हवा कमी आहे किंवा ब्रेक धरतोय. जुन्या टायरवर वेग ८०-९० च्या वर नेऊ नका.

टायर फुटलाच तर

ब्रेक जोरात दाबू नका. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवा. अ‍ॅक्सिलेटर हळू सोडा आणि वेग आपोआप कमी होऊ द्या. वेग उतरल्यावर इंडिकेटर देऊन डाव्या कडेला घ्या. माणसांना गाडीतून उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा, मागे लांबवर त्रिकोण ठेवा. धावत्या गाड्यांच्या बाजूचं चाक रस्त्यात बसून बदलू नका. मदतीसाठी ११२ ला फोन करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हवा भरली तरी दिवा का जात नाही? बऱ्याच सेन्सरना गाडी चालल्यावरच जाग येते. काही किलोमीटर गाडी चालवा. तरी राहिला तर रीसेट करा, तेही जमलं नाही तर स्टेपनीसह सगळे टायर परत मोजा.

सेन्सर बंद असताना गाडी चालवली तर चालते का? गाडीच्या चालण्यात काही फरक पडत नाही. पण मग हवा मोजायची जबाबदारी पूर्ण तुमची.

नायट्रोजन भरल्यावर दिवा लागत नाही का? साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजनचा दाबही थंडीत कमी होतो. भरला तर हरकत नाही, पण मोजणं चुकत नाही. वाटेत मिळाला नाही तर साधी हवा भरली तरी चालते.

नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, ते कसं? २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, ही हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. तुमच्या जुन्या गाडीतली स्टेपनी मात्र काढू नका.

गाडीत पुढच्या वेळी कुणी "तो दिवा कायमच लागून असतो" म्हणालं, तर आधी गाडी बाजूला घ्या आणि गेज लावा. चार चाकांची हवा मोजायला पाच मिनिटं लागतात. सेन्सरच बिघडला असेल तर तो सवडीने बदलता येईल. टायर बिघडला असेल तर तो सवड देत नाही.

माहिती उपयोगी वाटली तर गावच्या ग्रुपवर पाठवा. विशेषतः ज्यांची गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला जाते, त्यांना आधी पाठवा.